साठच्या पुढे उजवीकडे

ललिता गेल्याचं मला मूर्तिजापूरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर कळलं. ती अकोल्याला मुलीकडे गेली होती आणि मी तिला परत आणायला मोटरसायकलनं निघालो होतो. वाटेत खिशातला फोन सारखा वाजत होता. पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा आमच्या घरचा नियम. म्हणजे मी उचलायचा नाही. मागं बसलेली ललिता उचलायची आणि माझ्या हेलमेटला तोंड लावून ओरडून निरोप सांगायची. त्या दिवशी मागं कोणी नव्हतं, म्हणून फोन वाजत राहिला. टपरीवर थांबलो, चहा सांगितला आणि जावयाला फोन लावला. तो आधी म्हणाला, "बाबा, गाडी बाजूला लावली का?" मी म्हटलं, लावली. मग त्यानं सांगितलं. नातीचे कपडे वाळत टाकता टाकता ती खाली बसली, ती उठलीच नाही. तेवढ्यात टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. तो मी प्यायलो. का प्यायलो ते मला आजही सांगता येत नाही. सांगितलेला चहा टाकायचा नसतो, एवढंच डोक्यात आलं असावं.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढची हकिकत हसण्यासारखी आहे. आमच्या गल्लीत ती सांगून लोक हसतात. हसायला हरकत नाही. फक्त आधी काय झालं होतं ते माहीत असावं.

मी देवमन. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, आता निवृत्त आहे. अमरावतीत स्वतःचं घर आहे. एकुलती मुलगी वर्षाली अकोल्याला दिली. ललिताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि मी दर रविवारी मोटरसायकलनं अकोल्याला जायला लागलो. नात करिश्मा बोलायला शिकली होती. ती मला "आबा" म्हणायची आणि घरातल्या टेबलफॅनलाही "आबा" म्हणायची. तरी बरं वाटायचं.

तेव्हा लक्षात आलं, की गाडी उजवीकडे ओढते. गावात काही नाही. गावात मी चाळीसच्या वर जात नाही आणि अमरावतीचे रस्ते जाऊही देत नाहीत. पण हायवेला साठच्या पुढे काटा गेला, की गाडी हळूहळू दुभाजकाकडे सरकायची, जशी म्हैस चालता चालता ओळखीच्या गोठ्याकडे वळते. मी तिला डावीकडे आणायचो. ती परत जायची. एका रविवारी ती दुभाजकाला घासली. मी पडलो नाही, पण उजवा इंडिकेटर गेला आणि फूटरेस्ट वाकला. अकोल्याला पोचल्यावर गाडी मी मुद्दाम भिंतीला उजवी बाजू लावून उभी केली. जावई सागर बँकेत आहे. तो गहाण मालाकडे बघावं तसं सगळ्या बाजूंनी बघतो. त्यानं बघितलं.

वर्षाली स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"बाबा, गाडी विकून टाका."

"कायले? इंडिकेटर बदलला की झालं."

"इंडिकेटरचं सांगून नाई राहिली मी. इकडेच राहायले या. तिथे एकटे काय करता?"

"घर आहे माझं."

"आणि रस्त्यात काही झालं म्हणजे? त्या दिवशी तुमाले सारखा फोन मीच लावला. तसा मले कोणाचा यायले नको."

तिचं म्हणणं खरं होतं. पण गाडी गेली की मी गेलो, हे मला दिसत होतं. अकोल्यात मुलीकडे मी दोन वेळ जेवणारा, टीव्हीचा आवाज कमी करणारा आणि दार वाजलं की उघडणारा माणूस झालो असतो. मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे. त्याचीच भीती वाटते. वाईट असते तर भांडून परत तरी येता आलं असतं.

शेवटी सागरनं मार्ग काढला. करिश्माचा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता. त्या दिवशी तो कार घेऊन मूर्तिजापूरला उभा राहणार आणि तिथून अकोल्यापर्यंत माझ्या मागं मागं येणार. गाडी सरळ चालली तर प्रश्न मिटला. नाही चालली, तर किल्ली वर्षालीच्या हातात द्यायची आणि बॅग भरायची. मी कबूल झालो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कालव्यांची तपासणी केली, एकदा आपली झाली म्हणून काय बिघडतं.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं चाकं फिरवली, पुढचे दोन्ही दांडे तपासले, चेन पाहिली, वाकलेला फूटरेस्ट सरळ केला, मग स्वतः बायपासला जाऊन आला. म्हणाला, "काका, गाडी टकाटक हाये. ऐंशीले हात सोडून चालवली." गाडी सरळ आहे, तर मग वाकडं कोण, हे तो बोलला नाही. पण माझ्याकडे बघून त्यानं पानाची पिंक ज्या पद्धतीनं टाकली, त्यातून मला ते कळलं. मी त्याच्याकडे परत गेलो नाही.

आमच्या शेजारी पंजाबराव राहतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं सुटलं नाही. समोर वर्ग नसल्यामुळे ते कोणालाही थांबवून शिकवतात. दूधवाल्याला त्यांनी गुरुत्वाकर्षण शिकवलं आहे. त्यानं आमची गल्ली सोडून पलीकडच्या गल्लीत दूध द्यायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी मायावहिनी यांचा विज्ञानावर विश्वास नाही. त्यांनी माझ्या हँडलला न विचारता लिंबू-मिरची बांधली. मी असल्या गोष्टी मानत नाही. सोडूनही टाकली नाही. वहिनी खिडकीतून बघायच्या.

पंजाबराव म्हणाले, "देवमनभौ, ही हवेची भानगड हाये."

"हवेची?"

"हवा म्हणजे काय रिकामी जागा हाये का? तिले बी वजन हाये. तुमी वीसच्या वेगानं गेले तर ती तुमाले हात लावते. चाळीसनं गेले तर चारपट ढकलते. साठनं गेले तर नऊपट. म्हणून गावात कळत नाई, हायवेले कळते."

हे मला पटलं. हवेचं मला कळत नाही, पण पाण्याचं कळतं, आणि पाणी असंच वागतं. कालव्यात मोरीचा, म्हणजे छोट्या पुलाचा, चौकोनी खांब असला, की पाणी समोरून आदळतं, दोन्ही बाजूंनी फाटतं आणि खांबाच्या मागं भोवरा धरतं. त्या भोवऱ्यात काडीकचरा गोल गोल फिरत बसतो, पुढे जात नाही. खांबाला पुढून टोक आणि मागं निमुळती शेपटी दिली, की पाणी मुकाट्यानं जातं. मासा असा का असतो, ते कालव्यावर उभं राहिल्यावर समजतं. आणि मोटरसायकलवर बसलेला माणूस म्हणजे मोरीचा खांबच. मी तर विशेषच. माझी छाती रुंद आहे आणि पाठ एकदम संपते.

मग मला आणखी एक गोष्ट कळली. ललिता मागं असायची तेव्हा भोवरा तिच्या पाठीमागं पडत असणार. आता तो थेट माझ्या पाठीला लागून पडत होता. शर्ट मागून फुगायचा आणि फडफडायचा, पाठीला गार लागायचं. मला वाटत होतं, ते मनाचं आहे. पंजाबरावांनी ती हवा आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मला खरोखर हलकं वाटलं. हवेवर उपाय करता येतो.

उपाय म्हणून आम्ही मनोज कूलरवाल्याकडे गेलो. वऱ्हाडात कूलरवाल्याचं मोठं आहे. एप्रिल-मे महिन्यात त्याला डॉक्टरपेक्षा जास्त नमस्कार पडतात. हिवाळ्यात मात्र त्याला कोणी ओळख देत नाही. मनोज दुकानासमोर उन्हात खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. पंजाबरावांनी त्याला पाण्याच्या थेंबाचं चित्र काढून दाखवलं, पुढून गोल आणि मागून निमुळतं. मनोज म्हणाला, "होऊन जाईल सर. एवढा रिकामा मी कवाच नव्हतो."

त्यानं मन लावून काम केलं. पुढे फायबरची मोठी ढाल, हँडलपासून माझ्या हनुवटीपर्यंत. मागच्या सीटवर पत्र्याची लांब निमुळती पेटी. अडचण एकच होती. मनोजनं आयुष्यात कधी गोल वस्तू बनवली नव्हती. थेंब झाला, पण कोपरे असलेला थेंब झाला. आणि मागच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना त्यानं छान आडव्या पट्ट्यांची जाळी पाडली होती.

"हे काय? हवा आत नाई घ्यायची, बाजूनं काढायची हाये," पंजाबराव ओरडले.

"माहीत हाये सर," मनोज ओशाळून म्हणाला, "पण पत्रा हाती आला, की हात आपोआप जाळी पाडते. मले कळतच नाई."

जाळी आतून पुठ्ठा लावून बुजवली. गाडी घेऊन घरी येईपर्यंत तीन माणसांनी मला थांबवून पंप कोणता बसवला ते विचारलं. गल्लीतले पोट्टे मागं धावत होते, "आजोबा, पानी कुठून टाकता?" मायावहिनी खिडकीतून म्हणाल्या, "आता एक लिंबू पुरायचं नाई." आणि दुसरं आणून बांधलं.

चाचणी मोर्शी रोडवर घ्यायची ठरली. मी पुढे, पंजाबराव मागून त्यांच्या स्कूटरवर, निरीक्षणासाठी. गाव सुटलं, मी वेग वाढवला आणि खरं सांगतो, तसं सुख मी गाडीवर कधी अनुभवलं नव्हतं. छातीवर हवा नाही. कानात गोंगाट नाही. पाठीत गार नाही. तेवढ्याच ॲक्सिलरेटरला काटा नेहमीपेक्षा दहानं पुढे. हवा माझ्या बाजूनं पाण्यासारखी निघून जात होती. मी मनात म्हटलं, पंजाबराव, तुम्हाला शाळेनं उगीच निवृत्त केलं. गाडी उजवीकडे सरकत होती हे खरं, पण इतक्या सुखात ते मी थोडा वेळ मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात समोरून शेंदूरजनाघाटची संत्री घेऊन एक ट्रक आला. ट्रक आपल्या बाजूनं चालला होता, त्याची चूक काही नाही. पण ट्रकच्या पुढे हवेची एक भिंत चालत असते, आणि माझ्या हनुवटीएवढ्या ढालीनं ती भिंत पूर्ण झेलली. पुढचं चाक आधी डावीकडे ढकललं गेलं. ट्रक बाजूनं गेल्यावर मागची पोकळी त्याला परत ओढू लागली. या दोन मतांच्या मधोमध मी रस्ता सोडला आणि तुरीच्या शेतात शिरलो. तूर उंच असते आणि दाट असते. ती माणसाला फारसं लागू देत नाही. फक्त तूर संपेपर्यंत काही दिसत नाही.

ट्रकवाला थांबला. भला माणूस. धावत येऊन त्यानं मला उठवलं, अंगावरची तूर झटकली, हात-पाय हलवून पाहायला लावले आणि मग गाडीकडे बघून विचारलं, "काका, कूलर कुठं घेऊन चालले होते? सीझन तर नाही." जाताना त्यानं माझ्या हातात संत्री दिली. शेताचा मालकही आला. तो चिडायचाच होता, पण गाडी बघून विसरला. त्याला त्याच्या मुलीच्या लग्नात असला एक कूलर हवा होता.

पंजाबराव रस्त्याच्या कडेला उभं राहून माझं संत्रं सोलत होते. चेहरा आनंदी होता.

"अभ्यास झाला," ते म्हणाले. "ढाल पुढे हाये, म्हणून आडवी हवा तुमच्या पुढल्या अंगाले धरते. वातकुक्कुट पाहिला का? त्याचं शेपूट मोठं असते, म्हणून तो वाऱ्याले तोंड देते. आपला कोंबडा बिनशेपटीचा हाये."

मला कोंबडा म्हटलेलं आवडलं नाही. पण मुद्दा पाण्याच्या हिशेबानंही बरोबर होता. नावेला सुकाणू मागं असतं, पुढे नसतं. मनोजनं मागच्या पेटीवर उभा तिकोनी पत्रा बसवून दिला. फरक पडला. दुसऱ्या खेपेला दोन ट्रक आणि एक एसटी बाजूनं गेली आणि गाडी नुसती थरथरली. विज्ञान जिंकलं होतं. वेग वाढला, पेट्रोल वाचलं, पाठ गरम राहिली. एकच गोष्ट तशीच होती. साठच्या पुढे गाडी उजवीकडे ओढत होती, पहिल्यासारखीच.

परत येताना पंचवटी चौकात ट्रॅफिक हवालदारानं हात केला. त्यानं गाडीला एक पूर्ण फेरी मारली आणि तिकोनी पत्र्यावर बोटानं वाजवून पाहिलं.

"काय हाये हे?"

"मोटरसायकल."

"ते मी खालून पाहिलं. वरून काय हाये?"

पंजाबराव स्कूटर लावून पुढे झाले आणि त्यांनी हवेच्या वजनापासून सुरुवात केली. हवालदारानं चौपटीपर्यंत ऐकून घेतलं. तेवढ्यात चौकात गाड्या तुंबल्या. तो म्हणाला, "सर, तुमी मले सातवीत होते. तेव्हा बी माहा तास असाच गेला." मग मला हळूच म्हणाला, "काका, दंड नाई मारत. पण आरटीओत जाऊन विचारा. गाडीचं रूप असं बदलता येत नाई."

मी गेलो. नियम मोडून किल्ली वाचवावी, असं मला वाटत नव्हतं. आरटीओत एक बाई होत्या, नीट बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की कंपनीनं दिलेलं बाहेरचं रूप बदलायचं तर कंपनीची परवानगी लागते. माझ्या गाडीचं मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं आहे. मग त्यांनी विचारलं, "पण काका, एवढं केलं कशासाठी?"

मी म्हटलं, "मागची जागा रिकामी राहते. तिथं हवा भोवरा करते."

"मग कोणाला तरी मागं बसवत जा," त्या हसून म्हणाल्या.

त्यांना काही माहीत नव्हतं. सल्ला म्हणून तो सरळच होता. मी हो म्हटलं आणि बाहेर आलो. बाहेर तिघे-चौघे तिकोनी पत्र्याला हात लावून फोटो काढत होते. मी बाजूला होऊन थांबलो. मालक मी आहे, असं सांगायचं धाडस झालं नाही.

मनोजनं सगळं उतरवून घेतलं. म्हणाला, पुढच्या एप्रिलात याचे दोन कूलर निघतील. पंजाबराव दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. आणि वाढदिवस आला.

त्या दिवशी मी लिंबू-मिरचीसह निघालो. ठरवलं, की पन्नासच्या वर जायचंच नाही. पण सागर मागून कारनं येणार. पन्नासनं गेलो तर तो समजणार. तपासणीच्या दिवशी कालव्यात पाणीच न सोडणारे कर्मचारी मी खूप पाहिले आहेत. मी त्यांना कधी सोडलं नाही.

बडनेऱ्यापुढे लोणीच्या फाट्यावर एक म्हातारी आडवी आली. लुगडं, काखेत एक पिशवी, हातात दुसरी, वरून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बाहेर आलेल्या. एसटी चुकली होती.

"बापू, बोरगाव मंजूले सोड मले. लेकीकडे चालली."

"आजी, माझी गाडी उजवीकडे ओढते."

"ओढू दे. माह्या लेकीचं घर बी उजवीकडेच हाये."

"हेलमेट नाही तुमच्याजवळ."

"पदर हाये ना डोक्यावर." असं म्हणून ती बसलीसुद्धा. दोन्ही पाय डावीकडे सोडून, आडवी, एक पिशवी मांडीवर, एक गुडघ्याला लटकलेली, आणि एक हात माझ्या खांद्यावर. "चाल. मनकर्णाबाई म्हणते मले सारं गाव. तू पाडलं तर गावाले काय सांगू, नाव सांग तुहं."

मी नाव सांगितलं आणि निघालो. हळूच चाललो होतो. तिनं खांद्यावर चापट मारली, "माह्या बैलगाडीले बी याहून गती होती." मी पन्नास केले. मग साठ. मग साठच्या पुढे.

गाडी सरळ होती.

मी हँडलकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. पांढरा पट्टा होता तिथेच होता. मला वाटलं, आज रस्ता वेगळा आहे, वारा वेगळा आहे, मायावहिनींचं दुसरं लिंबू लागू पडलं. मनकर्णाबाई मागून बोलत होती. लेकीच्या सासूबद्दल काही सांगत होती, ते चांगलं नव्हतं. कुरूम गेलं. मूर्तिजापूर आलं. गाडी एक वीतसुद्धा हलली नाही.

मूर्तिजापूरला सागर कारबाहेर उभा होता. त्यानं मागं बसलेली बाई पाहिली आणि घड्याळ पाहिलं, का ते कळलं नाही.

"बाबा, ह्या कोण?"

"मी मनकर्णाबाई. तू कोण?"

"मी... जावई."

"मग उभा काहून हाये? चाल, बोरगावले जायचं हाये."

तो मुकाट्यानं कारमध्ये बसला आणि मागं आला. बोरगावपर्यंत आम्ही साठ-पासष्टनं गेलो. मनकर्णाबाई उतरली, तिनं सांबाराच्या दोन जुड्या बळंच माझ्या डिकीत कोंबल्या, "बायकोले दे, म्हणावं ताजा हाये," आणि गेली. सागर कारमधून उतरून धावत आला. फोन कानाला होताच. "वर्षाली, एकदम सरळ! काही प्रॉब्लेम नाही गाडीला. मी स्वतः पाहिलं." मग मला म्हणाला, "बाबा, जिंकलात तुम्ही."

तिथून अकोला जवळ आहे. मी एकटा निघालो, सागर मागं. साठ झाले, आणि गाडी उजवीकडे सरकली.

तेव्हा मी खाली पाहिलं. गाडीकडे नाही, माझ्याकडे. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. पाठ उजवीकडे कलली होती. डावा हात हँडल बाहेर ढकलत होता, उजवा ओढत होता. एवढी वर्षं ललिता मागं आडवी बसत आली होती. दोन्ही पाय डावीकडे, पिशव्या डावीकडे, पदर डावीकडे. वेग वाढला, की सगळी हवा तिच्या त्या बाजूला आदळायची आणि गाडी डावीकडे ओढायची. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. ती ओढ मी नकळत उजवीकडे कलून तोलत आलो. साठच्या पुढे गेलं, की माझं अंग स्वतःच तिला सांभाळायला लागायचं. आता ओढ नव्हती. सांभाळणं चालूच होतं.

मी वेग पन्नासवर आणला. गाडी लगेच सरळ झाली. मागून सागरला काही दिसलं नसावं. अकोल्यापर्यंत तसाच गेलो.

वर्षाली फाटकात उभी होती. करिश्मा तिच्या कडेवर, डोक्यावर कागदी टोपी. वर्षाली ललिता गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, "बाबा, नाही विकायची गाडी. मीच घाबरट."

इथे गप्प बसलो असतो तर सगळं मिटलं होतं. किल्ली माझ्या हातात होती. पण तिला कोणाचा फोन यायला नको होता, आणि ते मला ठाऊक होतं.

"वर्षा, गाडी सरळ आहे. मी वाकडा बसतो," मी म्हटलं. आणि काय पाहिलं ते सांगितलं. खांदा, पाय, पिशव्या, हवा, सगळं. पंजाबरावांइतकं नीट सांगता आलं नाही. शेवटी किल्ली तिच्या हातात दिली.

तिनं किल्ली मुठीत धरली. करिश्माला सागरकडे दिलं. म्हणाली, "बसून दाखवा."

मी गाडीवर बसलो. गाडी स्टँडवर उभी होती. ती मागं जाऊन उभी राहिली. माझे दोन्ही खांदे पाहिले. मग तिनं माझ्या उजव्या खांद्याखाली हात घालून तो वर उचलला. हात काढला, तसा तो थोडा खाली आला. तिनं परत उचलला.

"आई एवढी जड होती का बाबा?"

"नाही. पिशव्या असायच्या."

ती हसली आणि तोंड पदराला पुसून घेतलं. मग किल्ली परत माझ्या खिशात टाकली. "विकायची नाई. पण हायवेले सध्या एसटीनं या. आधी सरळ बसायले शिका. जमलं की सांगा."

पंजाबरावांना सगळं सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "म्हणजे हवाच होती की. फक्त जुनी." आता सकाळी आम्ही दोघं मोर्शी रोडला जातो. रस्ता मोकळा असतो. ते स्कूटरवर मागून येतात आणि माझा खांदा खाली गेला, की हॉर्न वाजवतात. तुरीच्या शेताचा मालक कधी कधी कडेला उभा राहून बघतो. त्याला अजून तो कूलर हवा आहे.

चाळीसला जमतं. पन्नासला जमतं. साठच्या पुढे हॉर्न वाजतो. तेवढं राहिलं आहे.